लिलावात निघालेला भाव खरा की चढवलेला? स्पोर्ट्स कार्डांचे ऑनलाइन भाव तुम्ही कसे तपासता?

कोपरा_दुमडलेला
फ्लिअर कंपनीच्या १९८६-८७ च्या संचातलं बास्केटबॉलपटू मायकेल जॉर्डनचं ५७ नंबरचं कार्ड, पीएसए ८ (म्हणजे पीएसए ह्या ग्रेडिंग कंपनीने दहापैकी आठ ग्रेड दिलेलं). ईबेवर एका आठवड्यात दोन लिलाव संपले आणि दुसऱ्याचा भाव पहिल्याच्या जवळपास दीडपट निघाला. मधे काही बातमी नाही, जॉर्डन काही पुन्हा मैदानात उतरलेला नाही. दोन्ही विक्रेत्यांचा फीडबॅक (गिऱ्हाइकांच्या शेऱ्यांचा आकडा) पाच आकडी आहे.

आता तिसरा लिलाव चालू आहे. बोली कुठला भाव धरून लावायची? आणि दुसरा भाव कुणी मुद्दाम चढवला असेल तर ते बाहेरून कळतं का? 'सरासरी काढा' एवढंच सांगणार असाल तर ती काढून झाली आहे.

शून्यफीडबॅक
पहिला भाव धरून घ्या, दुसरा भाव धरून विका. धागा समाप्त.

एडिसनकर
आधी दोन्ही विक्र्या एकाच वस्तूच्या होत्या का ते बघा. ह्या कार्डात घोळ व्हायला बऱ्याच जागा आहेत.

त्या संचात १३२ कार्डं आणि वर ११ स्टिकर होते. जॉर्डनचा स्टिकर ८ नंबरचा. शीर्षकात '१९८६ फ्लिअर जॉर्डन रुकी ८' असं लिहिलं असेल तर तो आठ ग्रेडचा की स्टिकरचा, हे फोटो उघडल्याशिवाय समजत नाही. स्टिकरचा भाव कार्डापेक्षा बराच कमी असतो. शिवाय १९९६-९७ मध्ये फ्लिअरनेच 'डिकेड ऑफ एक्सलन्स' म्हणून जुन्या डिझाइनची कार्डं पुन्हा काढली, त्यातही जॉर्डन आहे. भाव आपोआप गोळा करणाऱ्या साइट्स हे सगळं एकत्र कालवतात आणि वर सुबक आलेख काढून देतात.

वस्तू एकच निघाली तर मग सेंटरिंग, म्हणजे चौकट किती मधोमध बसली आहे ते. पीएसए ८ ला समोरून साधारण ६५-३५ पर्यंत चालतं. म्हणजे डाव्या-उजव्या कडांत चांगलाच फरक असलेलं पण कोपरे धारदार असलेलं कार्ड आठ, आणि चौकट अगदी मधोमध पण एक कोपरा किंचित बोथट असलेलं कार्डही आठच. लेबलवर दोन्ही सारखी. गिऱ्हाईक मात्र दुसऱ्याला जास्त देतं, कारण डोळ्याला ते नऊसारखं दिसतं. ह्या कार्डाच्या रंगीत कडा पटकन पांढऱ्या पडतात, तेही बघा.

आणि लेबल जुनं आहे का? जुन्या लेबलचं आठ घेऊन त्याचा स्लॅब (पीएसएची सीलबंद प्लास्टिकची डबी) फोडून परत ग्रेडिंगला पाठवणारे लोक आहेत. साडेआठ किंवा नऊ आलं तर उडी मोठी असते. ते आठाचा भाव देतच नाहीत, नवाच्या आशेचा देतात. तो पैसा खरा असतो, पण साध्या आठाला लागू होत नाही.

स्नेहल_क
एडिसनकरांचं झालं की बोलींची यादी उघडा. हे बहुतेक लोक करतच नाहीत.

लिस्टिंगवर 'अमुक बोली' असं लिहिलेलं असतं, त्यावर क्लिक करा. प्रत्येक बोली, रक्कम आणि वेळ दिसते. नावं झाकलेली असतात, दोन अक्षरं, मधे तारका आणि कंसात फीडबॅकचा आकडा. आपोआप लागलेल्या बोलीही दाखवायचा पर्याय आहे, तो चालू करा, नाहीतर अर्धं चित्र दिसत नाही. खाली मागे घेतलेल्या बोलींची वेगळी यादी असते. लोक तिथपर्यंत स्क्रोल करत नाहीत आणि मजा तिथेच असते.

मग एकेका बोलीदारावर क्लिक करा. गेल्या ३० दिवसांचा गोषवारा येतो: एकूण बोली किती, किती वस्तूंवर, त्यातल्या ह्याच विक्रेत्याकडे किती टक्के, आणि किती बोली मागे घेतल्या.

लिलावबहाद्दर
आणि मग लोक तो टक्क्यांचा आकडा बघून आरोळी ठोकतात. साप म्हणून भुई धोपटायचा प्रकार. 'ह्याच विक्रेत्याकडे १०० टक्के' असं दिसलं म्हणजे डमी (विक्रेत्याने भाव चढवायला बसवलेला माणूस), असं नसतं. ज्याने महिन्यात एकाच वस्तूवर दोन बोली लावल्या त्याचे १०० टक्केच येणार. आठवड्याला शेकडो कार्डं काढणारे मोठे विक्रेते आहेत, त्यांच्या नेहमीच्या गिऱ्हाइकांचे टक्के चढेच दिसतात. शून्य फीडबॅकवाला म्हणजे चोर, हेही तसंच. नवीन माणूस कुठून तरी सुरुवात करणारच ना?

शून्यफीडबॅक
मी ह्या प्रतिसादाची फ्रेम करून लावणार आहे.

स्नेहल_क
@लिलावबहाद्दर, टक्के एकटे बघायचे नाहीत, मान्य. तीन गोष्टी एकत्र आल्या तरच संशय घ्यायचा: बोली भरपूर (पन्नास-साठ), बहुतेक सगळ्या एकाच विक्रेत्याकडे, आणि त्याच विक्रेत्याच्या संपलेल्या लिलावांत तेच झाकलेलं नाव पुन्हा पुन्हा दुसऱ्या क्रमांकावर. विक्रेत्याचे गेल्या काही आठवड्यांतले दहा-बारा लिलाव उघडून बघायला अर्धा तास पुरतो. खरा गिऱ्हाईक कधी हरतो, कधी जिंकतो. जो इतक्यांदा चढवत नेतो आणि एकदाही जिंकत नाही, त्याला कार्ड नकोच आहे.

आणखी एक. थोडं थोडं वाढवत जाणारा नवखा कुठे थांबतो ते बघा. तो स्वतः वर आला की थांबतो, कारण त्याला तेच हवं असतं. चढवणारा वर यायच्या आधी थांबतो. वर आलाच चुकून, तर मागे घेतलेल्या बोलींच्या यादीत सापडतो.

मध्यरात्रीचा_चहा
बोली मागे घेऊन काय साधतं? पुन्हा आहे तिथेच आलो ना?

खडूस_गणिती
नाही, माहिती हातात येते. आकडे उदाहरणापुरते.

तुमची कमाल मर्यादा ५०० डॉलर. ईबे ती लपवून ठेवतं आणि गरज पडेल तेवढीच वापरतं. दुसरा खरा गिऱ्हाईक ३०५ वर थांबला, म्हणून भाव ३१० दिसतोय. आता एक खातं ५,००० ची बोली लावतं. तुमचे ५०० संपले, त्यावर एक पायरी चढून भाव ५१० दिसायला लागतो. ५०० ते १,००० च्या टप्प्यात पायरी १० डॉलरची असते, म्हणजे तुमची मर्यादा ५०० हे त्याला कळलं. 'शून्य चुकून जास्त पडलं' म्हणून तो बोली मागे घेतो. भाव परत ३१०. थोड्या वेळाने वेगळ्या खात्यावरून ४९० ची बोली येते. २५० ते ५०० मध्ये पायरी ५ ची. भाव ४९५. तुम्ही जिंकलात, खूशही झालात, १८५ डॉलर जास्त देऊन.

म्हणून मागे घेतलेल्या बोलीची रक्कम आणि तिच्यानंतर आलेल्या बोलीची रक्कम शेजारी शेजारी ठेवून बघायची. लिलाव संपायला १२ तासांपेक्षा कमी उरले असतील तर बोली लावल्यापासून तासाभरातच मागे घेता येते, त्यामुळे हा खेळ सहसा त्याआधी उरकलेला असतो.

यावर उपाय एकच, शेवटच्या दहा सेकंदांत बोली लावायची. ईबेवर वेळ वाढत नाही. तुमची मर्यादा तिथे नसेलच तर ती कुणाला शोधता येणार नाही.

आबा_निफाड
आमच्याकडं बाजार समितीत कांद्याचा लिलाव होतो तेव्हा बोलणारा व्यापारी परवानावाला असतो, सगळ्या ओट्याला तोंडओळख. कुणी उगाच भाव चढवला तर माल त्याच्याच गळ्यात पडतो. तुमच्या ह्या लिलावात बोलणाऱ्याचं तोंडच झाकलेलं. मग भावावर भरवसा ठेवायचा कसा?

लिलावबहाद्दर
आबा, तोंडओळखीचा उलटा त्रासही असतो की. ओळखीचे व्यापारी आपसात ठरवून भाव पाडतात. इथे तोंडं झाकलेली असल्यामुळे विकत घेणाऱ्यांचं संगनमत अवघड आणि विकणाऱ्याचं सोपं.

आबा_निफाड
ते बी खरंच. म्हंजे दोन्हीकडून शेतकरीच मेला.

खडूस_गणिती
मूळ प्रश्नाकडे. लिलावाचा भाव जिंकणारा ठरवत नाही, हरणारा ठरवतो. दुसऱ्याची मर्यादा अधिक एक पायरी, एवढाच त्या आकड्याचा अर्थ. जिंकणारा दुप्पट द्यायला तयार असेल तरी ते कधीच दिसत नाही. म्हणून 'भाव खरा का' याऐवजी 'दुसरा खरा का' असं विचारा, आणि लगेच तिसरा, चौथा, पाचवा कुठे थांबले ते लिहून काढा.

वरून दोघं ९०० च्या आसपास आणि तिसरा ५२० ला थांबलेला असेल, तर पुढच्या लिलावात ते दोघं नसतील तेव्हा भाव ५२० च्या आसपास येईल. पाच जण ८४० ते ९०० मध्ये दाटीवाटीने असतील तर ९०० वर भरवसा ठेवा. इतके सगळे डमी बसवणं कुणालाही महाग पडतं.

एक लक्षात ठेवा. शेवटच्या सेकंदाला येणाऱ्या लोकांनी बोली टाकायच्या आधीच कधीकधी भाव त्यांच्या मर्यादेपुढे गेलेला असतो, आणि मग ते यादीत दिसतच नाहीत. म्हणजे तिसऱ्या-चौथ्याचे आकडे खरी मागणी थोडी कमीच दाखवतात.

मध्यरात्रीचा_चहा
हे सगळं लिलावाचं. 'बाय इट नाऊ'च्या, म्हणजे लिलावाशिवाय ठरलेल्या किमतीच्या, विक्र्यांचं काय? १३०पॉइंट ह्या भाव दाखवणाऱ्या साइटवर त्याही येतात.

एडिसनकर
त्या मी वेगळ्या रकान्यात ठेवतो. ईबेवर मागितलेल्या किमतीवर काट मारलेली दिसली तर सौदा 'बेस्ट ऑफर'वर (गिऱ्हाइकाने सुचवलेल्या कमी किमतीवर) झालेला असतो आणि काटलेला आकडा कुणीच दिलेला नसतो. खरा आकडा ईबेच्या साध्या शोधात दिसत नाही. १३०पॉइंटवर तो मिळतो, ती साइट लोक मुख्यतः त्यासाठीच वापरतात. काटलेल्या किमती धरून सरासरी काढलीत तर ती फुगलेलीच येणार. संपलेल्या विक्र्या ईबेच्या साध्या शोधात ९० दिवसांपर्यंतच दिसतात. विक्रेत्याचं खातं असेल तर सेलर हबमधल्या संशोधनाच्या पानावर तीन वर्षांपर्यंत मागे जाता येतं, आणि हे फुकट आहे.

खोटा भाव 'बाय इट नाऊ'मध्ये पेरणं सर्वांत स्वस्त. स्वतःचंच दुसरं खातं ठरलेल्या किमतीला 'विकत' घेतं आणि नंतर सौदा रद्द होतो. खरी विक्री असती तर ईबेला सुमारे १३ टक्के द्यावे लागले असते, रद्द झाल्यावर ते परत मिळतात. यादीत ती विक्री मात्र हिरव्या आकड्यात दिसत राहू शकते. स्वतःकडे तसलीच चार कार्डं असतील तर हा एक आकडा दाखवून चारही विकता येतात. म्हणून कमी विक्री होणाऱ्या कार्डांत, उदाहरणार्थ २५ प्रतींपुरत्या छापलेल्या समांतर आवृत्तीत, एकुलत्या एका 'बाय इट नाऊ' विक्रीला मी शून्य मार्क देतो.

स्नेहल_क
पैसे प्रत्यक्ष दिले गेले का, याचा अंदाज बाहेरून येतो.

स्लॅबवरचा सर्टिफिकेट नंबर फोटोतून उतरवून घ्या. तोच नंबर त्याच विक्रेत्याकडे आठ-दहा दिवसांत पुन्हा विक्रीला आला तर पहिल्याने पैसे दिले नाहीत असं धरा. ईबेवर पैसे भरायला चार दिवस मिळतात, त्यानंतर विक्रेता सौदा रद्द करू शकतो, म्हणून पाचव्या दिवसापासून लक्ष ठेवायचं. अनुक्रमांक छापलेली कार्डं (२३/९९ वगैरे) असतील तर काम आणखी सोपं, प्रत्येक प्रत वेगळी ओळखता येते.

नंतर दोन-तीन आठवड्यांनी विक्रेत्याच्या फीडबॅकमध्ये त्या वस्तूचा उल्लेख आला का ते बघा. आला तर माल पोचला असं मानायला हरकत नाही. आला नाही तर काहीच सिद्ध होत नाही, कित्येक लोक फीडबॅक देतच नाहीत.

लिलावबहाद्दर
व्हॉल्टमधली कार्डं यात बसत नाहीत. कार्ड एकाच तिजोरीत पडून असतं आणि मालकी बदलते. पंधरा दिवसांत तोच नंबर परत आला तर तो घेऊन लगेच विकणारा असू शकतो. तिथे विक्रेता बदलला का ते बघा.

मध्यरात्रीचा_चहा
मोठ्या लिलावगृहांचे भाव तरी विश्वासाचे असतात ना? तिथे ओळखपत्र घेतल्याशिवाय बोली लावू देत नाहीत म्हणे.

एडिसनकर
नाव मोठं असलं म्हणून निर्धास्त राहू नका. मास्ट्रो ऑक्शन्स हे एके काळी अमेरिकेतलं कार्डांचं सर्वांत मोठं लिलावगृह होतं. बिल मास्ट्रोने २०१३ मध्ये गुन्हा कबूल केला. स्वतःच्याच लिलावांत खोट्या बोली लावून भाव चढवले हे त्यात होतं, आणि बेसबॉलपटू होनस वॅगनरच्या त्या प्रसिद्ध टी२०६ कार्डाच्या कडा कापल्या होत्या हेही होतं. पीएसएने १९९१ मध्ये ग्रेड केलेलं पहिलं कार्ड तेच, ग्रेड आठ. २०१५ मध्ये मास्ट्रोला २० महिन्यांची शिक्षा झाली. म्हणजे त्या काळातले त्यांच्या कॅटलॉगातले आकडे आजही कुणी 'ऐतिहासिक भाव' म्हणून दाखवत असेल तर जपून.

२०२१ च्या ऑगस्टमध्ये ईबेने पीडब्ल्यूसीसी ह्या बड्या विक्रेत्याला बाहेर काढलं. कंपनीशी संबंधित लोकांनी खोट्या बोली लावल्याचा ईबेचा आरोप होता, कंपनीने तो नाकारला. ती कंपनी पुढे फॅनॅटिक्सने घेतली.

खडूस_गणिती
लिलावगृहाचा आकडा ईबेच्या आकड्याशी थेट ताडू नका. जाहीर होणाऱ्या किमतीत गिऱ्हाइकाकडून घेतलेलं कमिशन धरलेलं असतं.

ह्याच कार्डाचं उदाहरण घ्या. २०२१ च्या जानेवारी अखेरीस गोल्डिन ह्या लिलावगृहाच्या एकाच लिलावात पीएसए १० ची दोन जॉर्डन प्रत्येकी ७,३८,००० डॉलरला गेली. त्यातली हातोड्याची बोली ६,१५,००० आणि वर २० टक्के, म्हणजे १,२३,०००. ईबेवर असा अधिभार नसतो, विक्री कर मात्र वेगळा लागतो आणि तो दिसणाऱ्या भावात नसतो. न्यू जर्सीत ६.६२५ टक्के, ओरेगनमध्ये शून्य. तेव्हा सगळे भाव एका पातळीवर आणा: गिऱ्हाइकाच्या खिशातून गेले किती, किंवा विक्रेत्याच्या हाती आले किती. दोन्हींची सरमिसळ नको.

लिलावबहाद्दर
आणि त्याच कार्डाचा भाव वर्षभरात निम्म्याच्याही खाली आला. त्यावेळी ७,३८,००० खोटे होते असं म्हणणारे खूप निघाले. माझ्या मते खोटे नव्हते. टाळेबंदी, घरी बसलेले लोक, जॉर्डनवरच्या मालिकेचा गाजावाजा. पीएसएकडे तर इतकी कार्डं तुंबली की त्या मार्चमध्ये त्यांनी स्वस्तातली ग्रेडिंग सेवा बंद ठेवली. पैसा खरा होता, टिकला नाही. लोक 'भाव खोटा आहे' म्हणतात तेव्हा बहुतेक वेळा 'मला परत मिळणार नाही' एवढंच म्हणायचं असतं.

सनद_आणि_मी
कायद्याचं थोडं. अमेरिकेत युनिफॉर्म कमर्शियल कोडच्या २-३२८ कलमानुसार, विक्रेत्याने न सांगता स्वतः किंवा दुसऱ्याकरवी बोली लावली असेल तर गिऱ्हाईक सौदा मोडू शकतो, किंवा शेवटच्या प्रामाणिक बोलीच्या किमतीला माल घेऊ शकतो. दुसरा पर्याय बहुतेकांना माहीत नसतो.

आपल्याकडे १९३० च्या माल विक्री कायद्याचं ६४ वं कलम आहे. भाव चढवायला विक्रेत्याने खोटी बोली वापरली तर सौदा रद्द करण्याचा हक्क गिऱ्हाइकाला आहे. विक्रेत्याला बोली लावायची असेल तर तसा हक्क आधी उघडपणे राखून ठेवावा लागतो. लिलावगृहांची नियमावली म्हणूनच वाचायची. राखीव किमतीपर्यंत लिलावगृह स्वतः बोली लावू शकतं असं वाक्य बारीक अक्षरांत असेल, तर राखीव किंमत गाठेपर्यंतच्या बोलींना मागणी समजू नका.

सिद्ध करणं मात्र कठीण, कारण नावं ईबेकडे असतात. तक्रार करताना लिस्टिंगचा क्रमांक, झाकलेलं नाव, बोलीची वेळ आणि विक्रेत्याच्या इतर लिलावांचे क्रमांक एकत्र द्या. 'मला संशय आहे' एवढ्यावर कुणी हलत नाही.

मध्यरात्रीचा_चहा
थोडं अवांतर. सचिनच्या कार्डांना हे लागू होतं का? नव्वदच्या दशकातल्या फ्युटेरा कंपनीच्या कार्डांना कुणी वाट्टेल ते मागतंय.

एडिसनकर
मागू दे. मागितलेली किंमत म्हणजे भाव नव्हे. क्रिकेटच्या कार्डांत अडचण अशी की वर्षाकाठी मोजक्याच विक्र्या होतात, तिसरा-चौथा बोलीदार नसतोच. अशा वेळी एका ग्रेडवरून दुसऱ्याचा अंदाज बांधतात, म्हणजे नवाची विक्री मिळाली तर आठाला किती. पण ते गुणोत्तर जॉर्डनवरून उसनं आणू नका. ग्रेड केलेल्या प्रती किती आहेत ते पीएसएच्या पॉप्युलेशन रिपोर्टमध्ये बघा. 'दहा ग्रेडची एकच प्रत' असं ओरडून विकत असतील आणि एकूण चारच प्रती ग्रेडिंगला गेल्या असतील, तर ते दुर्मिळपण फसवं आहे. लोकांनी अजून पाठवलीच नाहीत.

आबा_निफाड
बिग फन बबलगमसंगं क्रिकेटपटूंची चित्रं यायची, ती ट्रंकेत आहेत. त्यांचा भाव काय निघंल?

शून्यफीडबॅक
आबा, गमसकट असतील तर वेगळा भाव.

लिलावबहाद्दर
भारतातल्या फेसबुक गटांत 'सोल्ड' लिहिलेल्या पोस्टचा आकडा घेऊ नका. तिथे मागितलेली रक्कम तशीच राहते आणि खरा सौदा मेसेजमध्ये ठरतो. दोन्ही बाजूंनी आकडा सांगितला तरच तो लिहून ठेवण्याजोगा.

खडूस_गणिती
कार्ड-मेळ्यातली कसोटीही वापरा. विक्रेते रोख घेताना चालू भावाच्या साधारण ७० ते ८० टक्के देतात. ज्या कार्डाचा 'भाव' १,००० सांगतात आणि तीन टेबलांवर ६०० च्या वर कुणी जात नाही, त्या १,००० वर कुणाचाच विश्वास नाही असं समजा. ते लोक रोज हेच आकडे बघतात.

कोपरा_दुमडलेला
सगळ्यांचे आभार. दोन्ही याद्या उघडल्या. आकडे डॉलरमध्ये देत नाही, तिसरा लिलाव चालू आहे आणि इथे कोण कोण वाचतंय ठाऊक नाही. पहिल्या लिलावाचा भाव १०० धरतो.

पहिला: जिंकणारा १००, दुसरा ९९, तिसरा ९८, चौथा ९३. मंगळवारी अमेरिकेतल्या भर दुपारी संपलेला, फोटो मोबाइलचा, स्लॅबवर बल्बचा उजेड चमकतोय. नवीन लेबल, चौकट डावीकडे सरकलेली.

दुसरा: भाव १४८, म्हणजे दुसरा १४७ च्या जवळ. तिसरा ११२, चौथा १०९, पाचवा १०४. मागे घेतलेली बोली एकही नाही. दुसऱ्या क्रमांकाच्या माणसाचा फीडबॅक काहीशे, ह्या विक्रेत्याकडे ४ टक्के, महिनाभरात वीसेक विक्रेत्यांकडे बोली. रविवारी संध्याकाळी संपलेला. जुनं लेबल, चौकट मधोमध. सर्ट नंबर तीन आठवड्यांत परत आलेला नाही.

खडूस_गणिती
मग १४८ खरा आहे. दोन हट्टी माणसं एका चांगल्या प्रतीवर भिडली, एडिसनकरांनी सांगितलेली नवाची आशा धरून. पहिला १०० ही खराच, पण वाईट वेळ आणि वाईट फोटो. साध्या आठाचा भाव १०४ ते ११२.

तिसऱ्या लिलावाचं गणित असं. त्या दोघांपैकी एकाला कार्ड मिळालं, तो गेला. हरलेला अजून बाजारात असेल. तिसरी प्रत तशीच देखणी असेल तर तो १४७ पर्यंत येईल आणि तुम्ही कितीही घासाघीस केलीत तरी मिळणार नाही. साधी असेल तर तो फिरकणार नाही. दोन्ही बाबतींत तुमची बोली तीच, ११२.

लिलावबहाद्दर
मी १०८ म्हणेन. ११२ वाल्याने देखण्या प्रतीसाठी ११२ लावले होते. साध्या प्रतीला तोही तेवढे देणार नाही.

खडूस_गणिती
मान्य. १०८.

स्नेहल_क
बोली लावायच्या आधी तिसऱ्या प्रतीचा सर्ट नंबर पीएसएच्या साइटवर टाका. फोटो असेल तर कडांवरचे पांढरे ठिपके लिस्टिंगच्या फोटोशी जुळवा. ह्या कार्डाच्या नकला भरपूर आहेत, आणि खऱ्या कार्डाचा नंबर नकली स्लॅबवर छापण्याचे प्रकारही होतात. नंबर सापडला म्हणजे स्लॅब खरा असं नाही, ठिपके जुळले पाहिजेत.

आणि हरलात आणि दोन दिवसांत विक्रेत्याकडून 'सेकंड चान्स ऑफर' (जिंकणाऱ्याऐवजी तुम्हाला कार्ड देऊ करणं) आली तर लगेच हो म्हणू नका. ती तुमच्या कमाल मर्यादेला येते. जिंकणाऱ्याच्या सगळ्या बोली यादीतून पुसल्या तर भाव कुठे थांबला असता ते काढा, आणि तेवढेच देऊ करा.

मध्यरात्रीचा_चहा
रविवारी पॅसिफिक वेळेनुसार संध्याकाळी सहाला संपतोय का? उन्हाळ्यात ते आपल्याकडे सोमवारी सकाळी साडेसहा, हिवाळ्यात साडेसात. लोकलमध्ये बोगद्याच्या आसपास असाल तर गिक्सनसारखी सेवा लावून ठेवा, ती शेवटच्या सेकंदांत तुमच्या वतीने बोली टाकते. कस्टम ड्युटी आणि पाठवणावळ १०८ च्या बाहेर आहे हेही लक्षात असू द्या.

कोपरा_दुमडलेला
ठिपके जुळले. चौकट साधारण ६०-४०, नवीन लेबल. १०८ लावतो.

शून्यफीडबॅक
'इथे कोण कोण वाचतंय ठाऊक नाही' म्हणालात आणि पुढच्याच प्रतिसादात आपला आकडा जाहीर केलात. सोमवारी १०९ ला कुणी नेलं तर फीडबॅकचा आकडा बघा.